प्रवासासाठी नॉइज कॅन्सलिंग हेडफोन निवडताना: डेसिबलच्या आधी कानाचं माप

प्रश्न थोडक्यात असा आहे: महिन्यातून दोनदा विमान, दर आठवड्याला रात्रीची बस, अधूनमधून रेल्वे. डोळ्यांवर चष्मा. प्रवासात झोप हवी, जमलं तर थोडं वाचन, गाणी दुय्यम. दोन हेडफोन निवडून ठेवलेत. एकाच्या खोक्यावर ‘५० डेसिबलपर्यंत नॉइज कॅन्सलेशन’ असं ठळक छापलंय, दुसऱ्यावर आकडाच नाही. यातला कुठला घ्यावा? मुळात कान झाकणारा घ्यावा की कानात जाणारा? आणि आता सगळं ब्लूटूथवर चालत असताना तारेची सोय बघायची गरज आहे का?

मी ध्वनिमुद्रण करतो. वर्षातले बरेच दिवस कामासाठी प्रवासात जातात आणि घरी असलो की हेडफोन दुरुस्तीचं टेबल मांडून बसतो. त्यामुळे ही वस्तू मी आठ-आठ तास डोक्यावर वागवलीय आणि उघडून आतूनही पाहिलीय. उत्तर लांबणार आहे. पण पैसे तुम्ही घालणार आणि कानही तुमचेच, म्हणून मुळापासून सांगतो.

खोक्यावरच्या ५० डेसिबलपासून सुरुवात करू. त्या ओळीतला महत्त्वाचा शब्द आहे ‘पर्यंत’. एखादा हेडफोन सगळे आवाज सारखेच कमी करत नाही. खालच्या घुमणाऱ्या आवाजांपैकी एखाद्या पट्ट्यात तो खूप कमी करतो, त्याच्या आजूबाजूला मध्यम आणि काही ठिकाणी जेमतेम. आलेख काढला तर उंचसखल डोंगररांग दिसते. खोक्यावर छापतात ते सगळ्यात उंच शिखर, तेही प्रयोगशाळेतल्या कृत्रिम डोक्यावर हेडफोन नेटका बसवून मोजलेलं. त्या डोक्यावर ना केस असतात ना चष्मा. तुमच्या कानाला मात्र शिखर नाही, अख्खी डोंगररांग ऐकू येते. म्हणून ५० चा दावा करणारा हेडफोन आकडाच न सांगणाऱ्यापेक्षा प्रत्यक्षात कमी शांत निघू शकतो. माझ्या टेबलावर हे वारंवार दिसलंय. एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवा: १० डेसिबलचा फरक आपल्याला साधारण ‘आवाज निम्म्यावर आला’ असा जाणवतो. तेव्हा दोन हेडफोनमध्ये दोन-तीन डेसिबलचा फरक असेल तर तुलना सोडून द्या आणि ज्या गोष्टी खरोखर फरक पाडतात तिकडे वळा.

त्या गोष्टी कळण्यासाठी यंत्र काय करतं ते समजून घ्यावं लागतं. हेडफोनच्या बाहेरच्या अंगाला बारीक माइक असतात. ते बाहेरचा आवाज पकडतात, आतलं सर्किट त्याची उलटी लहर तयार करतं आणि स्पीकरमधून सोडतं. एका लहरीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडला की दोन्ही एकमेकांना पुसतात. कल्पना जुनी आहे. जर्मन शास्त्रज्ञ पाउल ल्यूग यांना अशा पद्धतीचं अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळालं होतं. चांगल्या हेडफोनमध्ये आतल्या बाजूलाही माइक असतो. कानाजवळ प्रत्यक्षात काय उरलंय ते तो ऐकतो आणि चूक दुरुस्त करत राहतो. बाहेरचे आणि आतले असे दोन्ही माइक असले की त्याला हायब्रिड म्हणतात. प्रवासासाठी घेताना हायब्रिडच घ्या.

आता ही युक्ती कुठे चालते आणि कुठे नाही, ते बघू. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनं होणाऱ्या, घुमणाऱ्या आवाजाची एक लहर हवेत जवळपास ३.४ मीटर लांब असते. आतला माइक आणि तुमचा कानाचा पडदा यांच्यात एखाद-दोन सेंटिमीटरचं अंतर असलं तरी एवढ्या लांब लहरीत ते नगण्य ठरतं. उलटी लहर बरोबर जागेवर बसते. पण ५,००० हर्ट्झची लहर जेमतेम ७ सेंटिमीटरची. तिथे दोन सेंटिमीटर चुकलं म्हणजे पाव लहरीपेक्षा जास्त चुकलं, आणि मग पुसण्याऐवजी भर पडण्याचा धोका. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सचं काम मुख्यतः १,००० हर्ट्झच्या खाली चालतं. त्यावरच्या आवाजांना अडवायचं काम कुशनचं, कपाच्या भिंतीचं किंवा कानात घातलेल्या रबरी टोपीचं. म्हणजे तुम्ही विकत घेता ती निम्मी शांतता सर्किटची असते आणि निम्मी साध्या बुचाची. जाहिरात फक्त पहिल्या निम्म्याची होते.

या वस्तूचा जन्म विमानप्रवासात झाला, तोही याच कारणामुळे. ‘बोस’ कंपनीचे संस्थापक अमर बोस १९७८ साली झुरिकहून बॉस्टनला निघाले होते. विमानात मिळालेले हेडफोन लावल्यावर गोंगाटापुढे संगीत टिकेना, तेव्हा त्यांनी त्याच प्रवासात कागदावर गणितं मांडायला घेतली. १९८६ साली डिक रुटन आणि जीना येगर यांनी ‘व्हॉयेजर’ विमानातून न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, नऊ दिवसांची, तेव्हा त्यांच्याकडे या तंत्राचे सुरुवातीचे नमुने होते. १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला आणि सामान्य प्रवाशासाठीचा ‘क्वाएटकम्फर्ट’ २००० साली. विमानाची घरघर एकसुरी, सतत आणि खालच्या पट्टीतली असते. उलटी लहर बनवायला याहून सोपा आवाज शोधून सापडणार नाही.

आता तुमच्या तीन वाहनांकडे येतो, कारण त्यांचे आवाज वेगवेगळ्या जातीचे आहेत.

मोठ्या जेट विमानात इंजिनांचा आवाज आणि विमानाच्या अंगावरून धावणाऱ्या हवेचा घोंघाट असं मिश्रण असतं. उंचीवर स्थिर उडताना आत साधारण ८० डेसिबलच्या आसपास आवाज असतो, पंखांच्या मागच्या रांगांत थोडा जास्त. यातला खालचा भाग हेडफोन गिळून टाकतो आणि वरची ‘श्श्श’ थोडी उरते. पंखा असलेल्या छोट्या विमानांत तर कामगिरी आणखी ठळक जाणवते. एटीआर-७२ चंच उदाहरण घ्या. सहा पात्यांचा पंखा उड्डाणावेळी मिनिटाला १,२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला १२० वेळा एक पातं हवा कापतं; उंचीवर फेरे ९८० च्या आसपास उतरले की हाच सूर ९८ हर्ट्झवर येतो. छातीत दुखेपर्यंत घुमणारा एकच सूर. बटण दाबल्यावर तो नाहीसा होतो तेव्हा पहिल्यांदा वापरणारा माणूस दचकून हेडफोन काढून बघतो, इंजिन चालू आहे ना म्हणून.

बस अवघड. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन १,५०० फेऱ्यांवर चालताना ७५ हर्ट्झचा ठोका देतं, गाडी नुसती उभी असली की ३० च्या आसपास उतरतं. गिअर बदलला की सूर बदलतो. बहुतेक हायब्रिड हेडफोन हा बदल झेपवतात. पण खड्डा आला, दार आपटलं, गाडी गतिरोधकावरून उडाली की हवेत दाबाचा एक मोठा धक्का येतो आणि काही हेडफोनमध्ये ‘धप्प’ किंवा ‘कट्’ असा आवाज कानात होतो. तो बिघाड नव्हे. आतला माइक किंवा स्पीकर आपल्या मर्यादेवर आपटलेला असतो. हा दोष दुकानात कधीच कळत नाही. म्हणून विकत घेण्याआधी खाली सांगितलेली थोपटण्याची चाचणी नक्की करा.

रेल्वेत खालचा गडगडाट कमी होतो, वळणावरची चाकांची कर्कश किंकाळी आणि हॉर्न राहतात.

आणि तिन्ही ठिकाणी जे उरतं ते म्हणजे माणसं. शब्द ओळखू येतात ते त्यातल्या स, त, क, च अशा व्यंजनांमुळे, आणि त्यांची ताकद २,००० हर्ट्झच्या वर असते. तान्ह्या बाळाच्या रडण्याचा मूळ सूर ४००-५०० हर्ट्झच्या आसपास असला तरी टोचणारा भाग त्याच्या कितीतरी वर. इंजिनाची घरघर गेली की तिच्यामागे लपलेलं मागच्या सीटवरचं बोलणं उलट स्पष्ट ऐकू येतं. ‘नॉइज कॅन्सलिंग लावलं तर लोकांचं बोलणं वाढलं’ अशी तक्रार घेऊन माझ्याकडे लोक येतात. बोलणं वाढलेलं नसतं, त्याच्यावरचं पांघरूण निघालेलं असतं. बोलणं अडवायचं असेल तर जाड कुशन, घट्ट बसणारी रबरी टोपी किंवा अगदी हळू लावलेला पावसाचा एकसुरी आवाज, एवढेच उपाय आहेत.

इथून मी खऱ्या मुद्द्यावर येतो: फट.

कानाभोवतीची कुशन त्वचेला पूर्ण टेकली पाहिजे. जरा जरी फट राहिली तर सगळ्यात आधी खालचे सूर आत शिरतात. म्हणजे ज्या कामासाठी हेडफोन घेतला तेच काम आधी बिघडतं. मागे माझ्याकडे एक गृहस्थ तीन वर्षं वापरलेला चांगला हेडफोन घेऊन आले. उजव्या कानाचं नॉइज कॅन्सलेशन गेलं, सर्किट बदला म्हणाले. मी उघडून माइक तपासले, ठीक. स्पीकर ठीक. बॅटरी ठीक. मग कुशन काढली तर मागच्या प्लॅस्टिकच्या कड्याला असलेल्या खुंट्यांपैकी एक तुटलेली. बाहेरून काही दिसत नव्हतं, पण त्या बाजूला कडं पोस्टकार्डाच्या जाडीइतकं उचललं जात होतं. दुसऱ्या एका मृत हेडफोनच्या कुशनचं कडं त्यावर बसवलं, स्पीकरवर बसच्या इंजिनाची रेकॉर्डिंग लावली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला. चेहऱ्यावरचा बदल बघण्यासारखा होता. सर्किटला हात लावावा लागला नाही.

चष्म्याची काडी नेमकी हीच फट पाडते. कानाच्या पुढे आणि वर, जिथे कुशन कातडीला टेकायची तिथे काडी तिला उचलून धरते. मलाही चष्मा आहे. विमानात बसल्यावर हेडफोन चालू असताना चष्मा कपाळावर सरकवा आणि ऐका. घरघर एक पायरी खाली जाते. परत नाकावर घ्या. घरघर परत येते. किती फरक पडतो हे काडीच्या जाडीवर आणि कुशनच्या मऊपणावर ठरतं. सपाट पातळ धातूची काडी आणि मऊ, खोल फोमची कुशन असेल तर फरक थोडा. जाड प्लॅस्टिकची काडी आणि टणक कुशन असेल तर महागातला हेडफोनही अर्धवट काम करतो. त्यावर काडीमुळे कानाच्या वर दुखायला लागतं ते वेगळं. तुमच्यासारख्यांनी दुकानात जाताना प्रवासात घालता तोच चष्मा घालून जावं. जमलं तर प्रवासासाठी पातळ काडीचा जुना चष्मा वेगळा ठेवावा, मी तेच करतो.

कुठलाही हेडफोन तपासायची माझी पद्धत सांगतो. फोनवर विमानाच्या केबिनच्या आवाजाची एखादी लांब रेकॉर्डिंग उतरवून घ्या आणि दुसऱ्या मोठ्या स्पीकरवर वाजवा. फोनचा स्वतःचा स्पीकर चालणार नाही, त्यातून खालचे सूर निघतच नाहीत. दुकानात स्पीकरची सोय नसेल तर एसी, पंखा किंवा जनरेटरजवळ उभे राहा. गाणं न लावता नॉइज कॅन्सलेशन चालू करा. मग जबडा हलवा, जांभई द्या, मान दोन्हीकडे वळवा, हसा. प्रत्येक हालचालीला घरघर डोकावत असेल तर कुशन तुमच्या चेहऱ्याच्या ठेवणीला बसत नाही, पुढचा बघा. मग दोन्ही कपांवर तळव्याने हलकेच थोपटा. ‘धप्प’ असा मोठा ठोका येत असेल तर बसमध्ये तो दर खड्ड्याला येणार. शेवटी अर्धा तास डोक्यावर ठेवा. पाच मिनिटांत सगळेच हेडफोन मऊ लागतात. टाळूवर एका बिंदूत दुखणं, कानाची कड आतल्या जाळीला लागणं, घाम, हे सगळं वीस मिनिटांनंतर सुरू होतं. दुकानात अर्धा तास मिळणं कठीण, म्हणून परत करण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहून घ्या आणि त्या मुदतीत एक खरा प्रवास करून बघा.

याच चाचणीत कानात दडे बसल्यासारखं वाटतंय का तेही कळेल. काहींना नॉइज कॅन्सलेशन चालू करताच विमान खाली उतरतानासारखा दाब जाणवतो, मळमळतंही. प्रत्यक्षात हवेचा दाब वाढलेला नसतो. खालचे सूर एकदम नाहीसे झाल्याने तसं भासतं. बऱ्याच जणांना दोन-चार दिवसांत सवय होते. ज्यांना होत नाही त्यांनी कमी-जास्त करता येणारं मॉडेल घ्यावं आणि निम्म्यावर वापरावं. हाल सोसून सवय लावण्यात अर्थ नाही.

आता कान झाकणारा की कानात जाणारा. नुसता विमानप्रवास असता तर मी डोळे झाकून कान झाकणारा सांगितला असता. बॅटरी वीस-तीस तास चालते, कानाच्या नळीत काही घुसवावं लागत नाही आणि खालच्या घरघरीवर ताबा चांगला असतो. पण तुम्हाला बसमध्ये झोपायचंय, तेही दर आठवड्याला. खिडकीला डोकं टेकलं की कप ढकलला जातो, एका बाजूला फट पडते आणि काचेची थरथर कपातून थेट कानात येते. कुशीवर झोपणं तर विसराच. तिथे इअरबड, म्हणजे कानात जाणारा, सरस. कानात नीट बसलेला चांगला इअरबड विमानाच्या घरघरीतही आता फार मागे पडत नाही, बोलण्याचा आवाज तर रबरी टोपीमुळे बरेचदा जास्तच अडतो. आणि चष्म्याचा प्रश्नच मिटतो. अडचण बॅटरीची: नॉइज कॅन्सलेशन चालू ठेवून बहुतेक इअरबड पाच ते आठ तास जातात, मग डबीत ठेवावे लागतात. रात्रभराच्या प्रवासात पहाटे तीन वाजता कानात बॅटरी संपल्याची टुणटुण होते आणि झोप मोडते. घेण्याआधी ही सूचना बंद करता येते का ते बघा. फार कमी लोक बघतात.

इअरबड घेतलात तर टोप्यांवर वेळ घाला. खोक्यात तीन-चार मापं येतात आणि बहुतेक लोक लावून आलेलं मधलं माप आयुष्यभर वापरतात. माणसाचे दोन्ही कान सारखे नसतात. माझ्या डाव्या कानाला मोठी टोपी लागते, उजव्याला मधली. बरोबर बसलेल्या टोपीची खूण म्हणजे स्वतःचं बोलणं डोक्यात घुमल्यासारखं ऐकू येतं. फोमच्या टोप्या सिलिकॉनपेक्षा चांगल्या बसतात, पण काही महिन्यांत बदलाव्या लागतात. आणि विमान उतरताना दहा-पंधरा मिनिटं इअरबड काढून ठेवा. कान बंद असला की बाहेरचा दाब पडद्यापर्यंत नीट पोचत नाही आणि सर्दी असेल तर जास्तच दुखतं.

फक्त विमानासाठी एक जोडी आहे जी मी स्वतः लांबच्या प्रवासात वापरतो: आत साधे फोमचे इअरप्लग आणि वर कान झाकणारा हेडफोन, गाणं बंद, नॉइज कॅन्सलेशन चालू. उत्तम फोम इअरप्लगचं रेटिंग ३३ डेसिबलपर्यंत असतं, पण तो खालची घरघर अडवण्यात कच्चा आणि बोलणं-रडणं अडवण्यात पक्का. हेडफोनचं नेमकं उलट. दोघांनी मिळून जी शांतता होते ती कुठल्याही एका वस्तूने, कितीही महाग असली तरी, मला कधी मिळालेली नाही.

आवाजाच्या पातळीबद्दल थोडं बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण माझं पोट कानांवर आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी मर्यादा सांगते. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, ९० डेसिबलला आठवड्याचे फक्त ४ तास उरतात. आता ८० डेसिबलच्या केबिनमध्ये साधे इअरफोन लावलेल्या माणसाला संवाद कळण्यासाठी आवाज त्याच्याही वर न्यावा लागतो. दोन चित्रपट बघितले की आठवड्याची मर्यादा तिथेच संपते. नॉइज कॅन्सलिंगचा खरा फायदा हा आहे की घरघर खाली गेल्यावर आपोआप व्हॉल्यूम खाली येतो. हेडफोन घेतल्यावरही तुमचा हात पूर्वीच्याच व्हॉल्यूमवर जात असेल तर एक तर तो नीट बसलेला नाही किंवा सवय बदलायची आहे. घरी शांत खोलीत आरामात ऐकता तो आकडा लक्षात ठेवा आणि विमानात त्याच्या एक-दोन खुणा वर थांबा.

खोक्यावर आणखी एक फसगत असते. ‘ईएनसी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि घाईत लोक ते नॉइज कॅन्सलिंग समजून घेतात. ईएनसी म्हणजे तुम्ही फोनवर बोलता तेव्हा तुमच्या मागचा गोंगाट समोरच्याला कमी ऐकू येणं. तुमच्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. तुम्हाला हवं ते ‘एएनसी’, म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन. स्वस्त इअरबडमध्ये पहिलं असतं, दुसरं नसतं. याने फसलेला माणूस महिन्याला एक तरी भेटतो.

वजनाचं बघा. सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ चं वजन २५० ग्रॅम, ॲपलच्या एअरपॉड्स मॅक्सचं सुमारे ३८५. टेबलावर हा फरक किरकोळ वाटतो, सहाव्या तासाला मानेला कळतो. घडी होते का तेही बघा: सोनीचाच एक्सएम४ दुमडून छोटा होत असे, एक्सएम५ चे कप फक्त आडवे व्हायचे, आणि २०२५ च्या एक्सएम६ मध्ये घडी परत आली. घडी होणारा हेडफोन पिशवीत कमी जागा घेतो, पण बिजागरी ही त्याची सगळ्यात नाजूक जागा. माझ्या टेबलावर येणाऱ्या मोडक्या हेडफोनांपैकी बहुतेकांचा तडा बिजागरीपाशी असतो, आणि बहुतेक वेळा कारण एकच: केसशिवाय बॅगेत कोंबलेला. टणक केस सोबत येते का ते बघा आणि आली तर वापरा.

कुशनचं आयुष्य दोन-तीन वर्षं धरा. कृत्रिम चामडं घाम आणि दमट हवेने विरघळत जातं आणि काळे पापुद्रे कानाला चिकटायला लागतात. म्हणून घेण्याआधीच एक शोध घ्या: या मॉडेलच्या कंपनीच्या स्वतःच्या कुशन सुट्या मिळतात का? इतरांनी बनवलेल्या दिसायला सारख्या आणि स्वस्त असतात, पण सर्किट मूळ कुशनच्या जाडीला आणि पोकळीला जुळवलेलं असतं. कुशन बदलली की जुळणी बिघडते, कधीकधी हलकी शिट्टी किंवा घुमणं सुरू होतं. कापडी टोपणं चढवण्याचंही तसंच. आणि बाहेरच्या माइकची बारीक जाळी दर महिन्याला कोरड्या मऊ ब्रशने झाडा. पाणी किंवा स्पिरिट नको. तिथे धूळ साचली की त्या बाजूचं काम मंदावतं आणि लोक सर्किट बदलायला निघतात.

ब्लूटूथचे कोडेक, म्हणजे आवाज दाबून बिनतारी पाठवायच्या एलडॅक, ॲप्टेक्स वगैरे पद्धती, प्रवासात विसरा. बसमध्ये तो फरक कुणालाही ऐकू येत नाही, मलाही नाही. त्यापेक्षा दोन उपकरणांना एकाच वेळी जोडता येतं का, आणि बाहेरचं ऐकू देणारा मोड एका बटणाने चालू होतो का, ते बघा. घोषणा, कंडक्टरची हाक, तुमचा थांबा, हे ऐकू आलं पाहिजे. स्पर्शाने चालणाऱ्या बटणांपेक्षा दाबायची खरी बटणं मला बरी वाटतात. अंधारात, झोपेत, हातमोजे असताना ती चुकत नाहीत. वाहनातून उतरून रस्ता ओलांडताना मात्र कुठल्याही मोडवर विसंबू नका. हेडफोन गळ्यात घ्या.

तर तुमच्या दोन हेडफोनांपैकी कुठला? ५० चा आकडा पाहून पहिला घेऊ नका आणि नावाकडे पाहून दुसराही घेऊ नका. चष्मा घालून दोन्ही डोक्यावर ठेवा, जबडा हलवा, कप थोपटा. मला विचाराल तर तुमच्या आठवड्याच्या बसप्रवासासाठी आणि झोपेसाठी पैसे इअरबडवर लावणं शहाणपणाचं; चांगल्या हायब्रिड एएनसीचा, आठ तासांच्या जवळ जाणारा, पाच-सहा मापांच्या टोप्या देणारा. महिन्याच्या दोन विमानफेऱ्या तो निभावून नेईल. कानात काही घातलेलं तुम्हाला सहन होत नसेल, किंवा कानाच्या नळीला वारंवार खाज-संसर्ग होत असेल, तरच कान झाकणारा घ्या, आणि मग पातळ काडीचा चष्मा आणि मानेची उशी सोबत ठेवा, म्हणजे डोकं खिडकीवर न टेकता झोपता येईल.

राहिला तारेचा प्रश्न. इअरबड घेतलात तर तो मिटतोच. विमानातल्या पडद्याचा आवाज हवा असेल तर ब्लूटूथ ट्रान्समीटरची छोटी डबी मिळते, ती पडद्याच्या जॅकमध्ये लावायची. कान झाकणारा घेतलात तर तार हवीच. बॅटरी संपल्यावर काही हेडफोन तारेवरही मुके होतात, काही बिनएएनसीचे चालू राहतात. घेण्याआधी बंद करून, तार लावून ऐका. तारेचं हेडफोनकडचं टोक अनेकदा नेहमीच्या ३.५ मिलिमीटरऐवजी २.५ चं असतं, म्हणजे हरवल्यावर कुठलीही तार चालत नाही. काही विमानांत अजून दोन भोकांचा जॅक असतो, त्यासाठी दोन पिनांचा ॲडॉप्टर लागतो. तो नखाएवढा असतो आणि पहिल्याच प्रवासात सीटच्या खिशात राहून जातो. केसच्या आतल्या जाळीच्या कप्प्यात तारेला रबर लावून त्यातच अडकवून ठेवा.